गिमिकवाला रेसलर टिकतो का? ऑरेंज कॅसिडी बघा आणि मग बोला

जो हेंड्री या रेसलरचं नाव निघालं की हमखास कुणीतरी म्हणतंच, अरे एंट्रीचं गाणं हिट आहे म्हणून चाललाय, गाण्याचा कंटाळा आला की संपला. गिमिक म्हणजे रेसलरची अशी एखादी ठरलेली गमतीदार ओळख, आणि ती असली की माणूस टिकत नाही हे मला अजिबात पटत नाही.

नाचत एंट्री घेणाऱ्या फॅनडँगोचं उदाहरण सगळे देतात. 2013 ला डब्ल्यूडब्ल्यूईच्या रेसलमेनिया 29 या मोठ्या शोला पहिल्याच मॅचमध्ये ख्रिस जेरिकोला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी रॉ या टीव्ही शोमध्ये अख्खं पब्लिक त्याच्या एंट्रीची धून गात नाचत होतं. पण नीट बघा, लोक धुनीवर नाचत होते, त्याच्या मॅचवर नाही. त्यात पेबॅक या शोच्या आधी डोक्याला मार बसला, इंटरकॉन्टिनेंटल टायटलची मॅच हातची गेली, त्याच्या जागी आलेला कर्टिस ॲक्सल बेल्ट घेऊन गेला. नशीबही लागतं हो.

आता ऑरेंज कॅसिडी. डेनिम जॅकेट, गॉगल, दोन्ही हात खिशात आणि समोरच्याच्या नडगीवर अशा लाथा की मुंगीसुद्धा मरणार नाही. एईडब्ल्यू या डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रतिस्पर्धी कंपनीत 2019 ला आला तेव्हा कितीतरी लोक चिडले होते, हा धंद्याची चेष्टा करतोय म्हणून. मग फेब्रुवारी 2020, रिव्होल्यूशन हा शो, समोर पॅक नावाचा रेसलर. हरला, पण त्या मॅचमध्ये हात खिशातून बाहेर आले आणि कळलं की याला सगळं येतं, फक्त तो ते राखून ठेवतो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. गंमत ही त्याची सवय आहे, पण गरज पडली की तो ती बाजूला ठेवतो, म्हणून हात बाहेर आले की आपण सावरून बसतो. त्याच वर्षी जेरिकोशी झालेलं भांडण त्याने जिंकलं, ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच पॅककडून चॅम्पियनशिपचा बेल्ट घेतला आणि पुढे 326 दिवस, 31 वेळा राखला, मोठमोठ्या नावांसमोर, हाताला पाठीला पट्ट्या बांधून. सप्टेंबर 2023 मध्ये ऑल आउट या शोला जॉन मॉक्सलीने रक्तबंबाळ करून तो काढून घेतला तेव्हा ही मेन इव्हेंटची मॅच होती आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही!! आठवा, हाच तो हळू लाथा मारणारा.

हेंड्री स्वतःची गाणी स्वतः लिहितो, माइकवर जबरदस्त आहे, जानेवारी 2025 मध्ये निक नेमेथला हरवून टीएनए या कंपनीचा चॅम्पियन झाला. पण रेसलमेनिया 41 ला रँडी ऑर्टनसमोर आला, पब्लिकने गाण्यावर हात हलवले, ऑर्टनचा आरकेओ हा डाव बसला, खेळ खलास. मे मध्ये बेल्टही ट्रिक विल्यम्सकडे गेला. त्याला पॅकसारखा माणूस पाहिजे समोर, जो त्याला गाणं पूर्ण वाजूच देणार नाही, एंट्रीलाच हाणेल, आणि दोन-तीन महिने चालणारं भांडण पाहिजे ज्यात हेंड्री खरोखर चिडलेला दिसेल. बुकिंग करणाऱ्यांनी, म्हणजे मॅच आणि निकाल ठरवणाऱ्यांनी, एवढं केलं तर माझी पैज हेंड्रीवरच.