नऊशे रुपये कशाचे? ग्राहकाच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीत तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं आहे, "नऊशे रुपये घेतले आणि चारपैकी एकही व्हॉल्व्ह बदलला नाही. नुसतं बघायचे पैसे. आत निळा उजेड दिसतो, काचेवरचा चंदेरी डाग तपकिरी पडलाय, तरी म्हणे व्हॉल्व्ह चांगले आहेत. नवा सेट मागवलाय, स्वतःच बसवणार." नवीन माणूस दुकानाची पायरी चढायच्या आधी हेच वाचतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बाकी काहीही म्हणा, "नुसतं बघायचे" हे शब्द फार लागले.

तुमची तक्रार होती की अर्ध्या तासानं डाव्या बाजूला खरखर सुरू होते आणि आवाज दबतो. ॲम्प्लिफायर गार असताना चारही ईएल३४ चा, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हचा, करंट ४० मिलीॲम्पिअरच्या आसपास होता. तसाच चालू ठेवला. तीन व्हॉल्व्ह जागच्या जागी राहिले आणि चौथा चढत चढत ७० वर गेला. प्लेटवर (व्हॉल्व्हच्या आतल्या धातूच्या पत्र्यावर) ४०० व्होल्ट, म्हणजे साधारण २८ वॉट. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॉटची. दुकानातला दिवा मालवून पाहिलं तर प्लेटच्या शिवणीला लाली धरली होती. लगेच बंद केला.

इथे कुणीही म्हटलं असतं, व्हॉल्व्ह गेला, बदला. आम्ही तो काढून शेजारच्या सॉकेटमध्ये घातला आणि शेजारचा त्याच्या जागी. लाली जुन्या सॉकेटलाच आली, व्हॉल्व्हबरोबर गेली नाही. दोष व्हॉल्व्हचा नव्हताच. त्या सॉकेटच्या ग्रिडला (व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या जाळीला) येणारा कपलिंगचा, म्हणजे आधीच्या टप्प्यातून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा, कंडेन्सर गरम झाला की लीक होत होता, ग्रिडवरचं उणे व्होल्टेज त्यामुळे कमी पडत होतं आणि व्हॉल्व्ह भलताच करंट ओढत होता. तो कंडेन्सर बदलला, त्याचा डाव्या बाजूचा जोडीदारही बदलला, सॉकेटचे सैल संपर्क आवळले, बायस (ग्रिडवरचं ते उणे व्होल्टेज) लावला आणि रोज तासन् तास चालवून पाहिला. नऊशे रुपये या सगळ्याचे आहेत. बिलाच्या मागे चारही व्हॉल्व्हच्या करंटचे आकडे मिलीॲम्पिअरमध्ये लिहून दिलेत: ३९, ४०, ४१, ३८. कृपया कागद उलटून पाहा.

चार मॅच केलेले (सारखा करंट ओढणारे) ईएल३४ आम्ही विकू शकलो असतो. बिल पाच आकडी झालं असतं, तुम्ही खुशीत घरी गेला असता आणि नवा व्हॉल्व्ह त्याच सॉकेटमध्ये भाजून निघाला असता. वडील मर्फी आणि फिलिप्सचे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासून या दुकानात चांगला भाग काढून नवा विकलेला नाही. ते आमच्याकडून होणार नाही.

आता निळ्या उजेडाचं. काचेच्या आतल्या अंगाला चिकटल्यासारखा दिसणारा निळा उजेड निरुपद्रवी असतो, कित्येक उत्तम ईएल३४ मध्ये पहिल्या दिवसापासून दिसतो. प्लेटच्या आत-बाहेर जांभळट-गुलाबी धुकं भरलं आणि करंटही चढू लागला, तर आत गॅस झाला, तो व्हॉल्व्ह काढायचाच. चंदेरी डाग कडेला तपकिरी पडला म्हणून व्हॉल्व्ह मरत नाही. तो दुधासारखा पांढरा झाला तर मात्र काचेतून हवा शिरली, खेळ संपला. तुमच्या चौघांपैकी एकाचाही डाग पांढरा नाही.

"दर वर्षी बदलायचेच" असं तुम्ही काउंटरवर आमच्या मुलाला मोठ्या आवाजात सांगत होता. स्टेजवर गिटारचा ॲम्प्लिफायर बडवला जातो, गाडीत हादरे खातो, त्याच्यासाठी ते ठीक आहे. तुम्ही दिवसाला दोन तास ऐकता, म्हणजे वर्षाला सातशे-साडेसातशे तास. तुमचा चार व्हॉल्व्हचा सेट दीड वर्षाचा. घरी नीट बायसवर चालणारा ईएल३४ दोनेक हजार तास सहज जातो. पुढचे छोटे ईसीसी८३ (सिग्नल आधी थोडा वाढवणारे व्हॉल्व्ह) त्याच्या कितीतरी पट टिकतात. पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टणटण आली, किंवा अदलाबदल केल्यावर खरखर त्या व्हॉल्व्हबरोबर डावीकडून उजवीकडे गेली, तर ते बदलावेत. मोठे व्हॉल्व्ह म्हातारे झाले की बायसचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही करंट पुरत नाही, बास ढिला पडतो, वरचे सूर मळतात. तेव्हा आम्ही स्वतःहून सांगतो. त्या मुलानं हे सांगायला तोंड उघडलं, पण तुम्ही ऐकून न घेता निघून गेलात.

बिलात काम आणखी फोडून लिहायचं आमच्या मनात आहे, काउंटरवरही काही सोय करू.

नवा सेट आलाच असेल तर बायस लावल्याशिवाय वाजवू नका, आणि खालचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं. ॲम्प्लिफायर दुकानात घेऊन या, बायस लावायचे पैसे घेणार नाही. काढलेले चार जुने व्हॉल्व्ह मात्र टाकून देऊ नका. त्यांच्यात अजून निदान वर्षभराचा जीव आहे.