शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या तक्रारी तीन आहेत. झॅबिक्स, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं चालू आहेत का ते बघून बिघाड कळवणारं सॉफ्टवेअर, फुकट असताना आम्ही ते बसवायचे पैसे घेतले. वीज दोनदा गेली त्या रात्री टेलिग्राम ग्रुपवर १५६ मेसेज पडले, आणि ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार नोंदणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा मेसेज त्यात हरवून सकाळी ईआरपी बंद सापडलं. शिवाय नेटवर्क स्विचचा (उपकरणांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) ट्रॅफिकचा ग्राफ खोटा आकडा दाखवतो. त्यापेक्षा पीआरटीजी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर बरं झालं असतं, असंही तुम्ही लिहिलंय. दुसरी आणि तिसरी चूक आमचीच आहे. ती दुरुस्त करून द्यायचे पैसे लागणार नाहीत.

१५६ मेसेजचा हिशोब असा. शॉप फ्लोअरच्या मुख्य स्विचमागे ३८ उपकरणं आहेत: कॅमेरे, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) पीसी, वजनकाट्याचा पीसी. स्विच धरून ३९. प्रत्येकाचा बंद झाल्याचा एक आणि सुरू झाल्याचा एक मेसेज, तेही दोनदा. खरं तर 'मुख्य स्विच बंद' एवढा एकच मेसेज यायला हवा होता. त्यासाठी झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी लावावी लागते. ट्रिगर म्हणजे बिघाड ठरवणारा नियम; स्विचचा ट्रिगर पेटला असेल तर मागच्यांचे ट्रिगर गप्प ठेवायचे, ही डिपेंडन्सी. ती उपकरणावर लागत नाही, ट्रिगरवर लागते. आम्ही ती लावली नव्हती.

नुसती लावूनही भागत नाही. झॅबिक्ससोबत येणाऱ्या तयार टेम्पलेटमध्ये (नियमांच्या साच्यात) सगळ्यांचा पिंग, म्हणजे 'जागा आहेस का' ही हाक, मिनिटाला एकदा होतो आणि लागोपाठ तीन चुकले की ट्रिगर पेटतो. म्हणजे स्विच आणि कॅमेरा एकाच वेळी शर्यतीत. कॅमेऱ्याची पाळी आधी आली की त्याचा मेसेज निघून जातो, मग डिपेंडन्सी असून नसून सारखीच. म्हणून मुख्य स्विचला ३० सेकंदांनी पिंग आणि तीन चुका, मागच्या उपकरणांना मिनिटाने पिंग आणि पाच चुका, असं ठेवायचं. स्विच दीड मिनिटात पकडला जातो, बाकीच्यांना जवळपास पाच मिनिटं लागतात. वीज परत आल्यावर स्विच सुरू व्हायला वेळ घेतो, तेवढी मोकळीकही यात मिळते.

डिस्कच्या मेसेजचं दुखणं वेगळं आहे. तो कॅमेऱ्यांच्याच पातळीवर आणि त्याच ग्रुपवर होता. टेलिग्रामचा बॉट एका ग्रुपला मिनिटाला २० च्या आसपासच मेसेज टाकू शकतो, त्यापुढचे नाकारले जातात. झॅबिक्स थोडा वेळ पुन्हा प्रयत्न करतं आणि सोडून देतं. त्यामुळे महत्त्वाचा मेसेज गर्दीच्या वाटेने पाठवायचाच नाही. झॅबिक्समध्ये गांभीर्याच्या सहा पातळ्या आहेत. कॅमेरे आणि प्रिंटर 'माहिती' पातळीवर जातील, ते फक्त स्क्रीनवर दिसतील. ईआरपी, यूपीएस आणि मुख्य स्विच वरच्या पातळीवर, थेट एसएमएसने दोघांच्या फोनवर.

'डिस्क ९० टक्के भरली' हा नियमही कच्चा आहे. ४ टीबीच्या डिस्कवर तेव्हा ४०० जीबी शिल्लक असतात, १०० जीबीच्या सी ड्राइव्हवर फक्त १०. झॅबिक्सच्या 'टाइमलेफ्ट' फंक्शनला मागच्या सहा तासांचा वेग दिला की डिस्क किती वेळात भरेल ते काढून मिळतं. २४ तासांच्या आत भरणार असेल तर एसएमएस. तुमची डिस्क ईआरपीच्या एसक्यूएल डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन लॉगने (प्रत्येक बदलाच्या नोंदवहीने) खाल्ली आहे. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर आहे, त्यात लॉगचा बॅकअप होईपर्यंत जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत. तो बॅकअप लागलेला नाही, म्हणून लॉग वाढतच जातो. ते काम तुमच्या ईआरपीवाल्याकडून आधी करून घ्या, नाहीतर कुठलंही सॉफ्टवेअर फक्त ओरडत राहील.

ग्राफचं कारण सोपं आहे. उपकरणांकडून आकडे वाचायची पद्धत म्हणजे एसएनएमपी. स्विच तिच्या जुन्या व्हर्जन १ वर जोडला गेला, त्यात किती डेटा गेला ते मोजणारा काउंटर ३२ बिटचाच मिळतो. १ गिगाबिटची लाइन भरून वाहिली तर तो सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर येतो, आणि आपण वाचतो मिनिटाने. ६४ बिटच्या काउंटरला किमान व्हर्जन २सी लागतं. तुमचा स्विच व्हर्जन ३ देतो, तेच लावू. २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्ड, नेटवर्कवर उघडी जाते.

आता पीआरटीजी. ते वाईट नाही. शंभर सेन्सरपर्यंत (मोजायची एक गोष्ट म्हणजे एक सेन्सर) फुकट आहे, आणि विंडोज सांभाळणाऱ्या माणसाला लवकर हाताशी येतं. छोट्या ऑफिसला आम्ही स्वतः तेच सुचवतो. पण २४ पोर्टच्या एका स्विचचा ट्रॅफिक पाहायचा म्हटलं की २४ सेन्सर गेले. एका उपकरणाला साधारण दहा सेन्सर धरा, असं कंपनीच सांगते. तुमची ४८ उपकरणं म्हणजे ४८० च्या घरात, आणि त्याचं लायसन विकत घ्यावं लागतं. तिथेही कोण कुणाच्या मागे आहे ते हातानेच सांगावं लागतं. ते न सांगता बसवलं असतं तर त्या रात्री मेसेजचा असाच पाऊस पडला असता.

झॅबिक्सला लायसनचे पैसे नाहीत हे खरं. पैसे घेतले ते मापाचे आणि मांडणीचे. तुमच्याकडे ३,००० आयटम (झॅबिक्स वाचतं तो प्रत्येक आकडा) मिनिटाने वाचले जातात, म्हणजे सेकंदाला ५० नोंदी, दिवसाला ४३ लाख २० हजार. एका नोंदीला ९० बाइट धरले तर रोज ३९० एमबीच्या आसपास, ३० दिवसांना जवळपास १२ जीबी. हे न मोजता बसवलं की काही महिन्यांत मॉनिटरिंगचीच डिस्क भरते. हे माप आम्ही केलं होतं, पण बिलात 'इन्स्टॉलेशन' एवढंच लिहिलं. तुम्हाला कळणार कसं? सविस्तर बिल पाठवतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी करून देतो. झॅबिक्स तुमच्याच सर्व्हर रूमच्या यूपीएसवर आहे. तो यूपीएस संपला की सांगणाराच झोपतो. यूपीएसच्या एसएनएमपी कार्डावरून उरलेली मिनिटं वाचू आणि १५ च्या खाली आली की एसएमएस जाईल. शिवाय राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसातून तुमचा झॅबिक्स जागा आहे का हे दर दोन मिनिटांनी तपासू.

काम झाल्यावर तुमच्या माणसासमोर शॉप फ्लोअरच्या मुख्य स्विचची अपलिंक केबल (सर्व्हर रूमकडे जाणारी) दहा मिनिटं काढून ठेवू. त्या वेळात एकच एसएमएस यायला हवा. दुसरा आला तर आम्ही पुन्हा बसतो.