‘सर्व्हे कशाला?’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘जनसंपर्काची पाच सत्यं’ नावाचा एक मेसेज सध्या फिरतोय. पत्रकारांच्या ग्रुपवर आला, गल्लीच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होतो. मग तो माझी पुतणी काम करते त्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांच्या ग्रुपवर पोचला आणि तिचं काम बंद पडलं. सभासद सोयाबीन कंपनीच्या केंद्रावर न घालता मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत्याकडं का नेतात, हे गावोगाव फिरून विचारायचं तिनं ठरवलं होतं. एका संचालकानं बैठकीत मेसेज वाचून दाखवला. ठराव झाला: सर्व्हे रद्द, फ्लेक्स छापा.

मेसेज म्हणतो ते असं. जनसंपर्क, म्हणजे पीआर, एडवर्ड बर्नेजनं शोधला, आणि हा मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा भाचा. त्यानं एका दिवसात अमेरिकेच्या बायकांना सिगारेट ओढायला लावली. जनसंपर्क म्हणजे सफाईनं खोटं बोलणं. संशोधन, नियोजन ही कन्सल्टंट लोकांची बिलं काढायची सोय. आणि यश मोजायचं ते पेपरात किती बातम्या आल्या यावर. मध्येच कुठंतरी नारदमुनींना पहिले पीआरओ केलंय. त्यावर वेळ घालवत नाही.

बर्नेज फ्रॉइडचा भाचा होता हे खरं. उलट मेसेजवाल्याला अर्धंच माहीत आहे. फ्रॉइडची बहीण बर्नेजची आई आणि फ्रॉइडची बायको बर्नेजची आत्या, म्हणजे आपल्याकडं म्हणतात तसं सरळ साटंलोटं. पण शोध त्याचा नव्हे. बॉस्टनमध्ये ‘पब्लिसिटी ब्यूरो’ ही प्रसिद्धीचं काम करणारी कंपनी १९०० मध्ये सुरू झाली, तेव्हा हे पोरगं आठ-नऊ वर्षांचं होतं. कोळसा खाणींच्या संपात मालकांचा जनसंपर्क सांभाळणाऱ्या आयव्ही ली यानं १९०६ मध्ये वर्तमानपत्रांना लिहून दिलं होतं की आमचं काम उघड आहे, माहिती तपासून घ्या. बर्नेजनं पुढं १९२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकवला, त्यावर पुस्तक लिहिलं. तेवढं श्रेय त्याचं.

सिगारेटची गोष्ट तर इतकी घासून गुळगुळीत झालीय की कोणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर बर्नेजनं ठरवून आणलेल्या काही तरुणी सिगारेट पेटवून चालल्या, बातमी झाली. एवढं घडलं. पण बायकांचं सिगारेट ओढणं त्याआधीच वाढत चाललं होतं, आणि त्या मोरच्यानं देश बदलला हे आपल्याला मुख्यतः सांगितलंय कोणी, तर खुद्द बर्नेजनं. ज्याचा धंदाच प्रसिद्धीचा, त्यानं स्वतःची केलेली प्रसिद्धी आपण वेदवाक्य म्हणून पुढं ढकलतोय. आणि मोरच्याआधी त्यानं काय केलं होतं? ब्रिल नावाच्या मनोविश्लेषकाला गाठून, बायकांना सिगारेट म्हणजे काय वाटतं, हे विचारलं होतं. म्हणजे आधी चौकशी, मग मोरचा.

इथंच चौथं ‘सत्य’ आडवं पडतं, आणि माझा राग त्याच्यावरच आहे. ज्या बर्नेजला मेसेजनं देव्हाऱ्यात बसवलंय, त्याचाच १९४७ चा ‘द इंजिनिअरिंग ऑफ कन्सेंट’ हा लेख काढून बघा. सुरुवातीलाच क्रम दिलाय: हाताशी माणसं, पैसा, वेळ किती याचा हिशोब, विषयाची होईल तितकी पूर्ण माहिती, उद्दिष्ट, पण संशोधनानंतर ते बदलू शकतं या अटीवर, आणि मग लोक का व कसे वागतात याचं संशोधन. घोषणा, बातम्या, फोटो हे सगळं त्यानंतर. पुढं जॉन मार्स्टन या जनसंपर्काच्या अभ्यासकानं १९६३ मध्ये हेच चार पायऱ्यांत बसवलं: संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन. कृती संवादाच्या आधी आहे, हे संचालकांनी दोनदा वाचावं. केंद्रावर पट्टी, म्हणजे घातलेल्या मालाचा हिशोब आणि पैसे, वेळेवर मिळत नसेल तर आधी पट्टी सुधारा, फ्लेक्स नंतर.

लांबचं सोडा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा सरकारी कार्यक्रम निघाला. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं, त्याखाली माणसं गेली होती. लोकांना दगड बघवत नव्हता. भिंत बांधून घेता येते, पक्की करता येते, हे पोस्टर लावून पटणार होतं का? तिथं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. त्यांनी योजना घरोघर सांगितली आणि घरोघरची अडचण इंजिनिअरच्या कानावर घातली. असं काम मराठवाड्यात होऊन गेलंय, आणि त्याच मातीतले संचालक विचारतात, सर्व्हे कशाला.

आता नाइलाजानं एक कबूल करतो. फालतू सर्व्हे असतात, पारावर बसून भरलेले फॉर्म मी पाहिलेत. आणि नुसता आकडा मोठा असून भागत नाही. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेच्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं जवळपास १ कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या, सुमारे २३ लाख परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीत ज्यांच्याकडं या दोन्ही गोष्टी नव्हत्या, त्यांना विचारलंच नव्हतं. त्यामुळं वार्षिक सभेला येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनाच विचारायचं असेल, तर संचालकांचं म्हणणं बरोबर, पैसे वाचवा. पुतणीची यादी मात्र उलटी होती: ज्यांनी मागच्या हंगामात केंद्रावर एक कट्टाही घातला नाही, त्यांच्यापासून सुरुवात. प्रश्न साधे. आगाऊ उचल कोणाकडून घेता? पट्टी कोणत्या दिवशी हातात येते? ओलाव्याची कपात कोण किती धरतं? ट्रॅक्टरचं भाडं कोणाच्या अंगावर?

तिसऱ्या ‘सत्या’तल्या खोटेपणाच्या आरोपात तथ्य आहे. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथं संपावरच्या खाण कामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका-लेकरं मेली. मालक रॉकफेलरच्या बाजूनं पत्रकं काढणारा हाच आयव्ही ली. पत्रकांत कामगार पुढाऱ्यांच्या पगाराचे चुकीचे आकडे होते, आणि लेखक अप्टन सिंक्लेअरनं त्याला ‘पॉयझन आयव्ही’ (अंगाला लागली की खाज सुटणारी एक वेल) म्हटलं ते कायमचं चिकटलं. पण त्या पत्रकांनी साधलं काय? वर्षभरानं धाकट्या रॉकफेलरला स्वतः खाणींवर जाऊन कामगारांत बसावं लागलं.

राहिलं पाचवं. कात्रणं मोजली की उपसंपादकानं काय छापलं तेवढं कळतं. कंपनीला मोजायचंच असेल तर वजनकाट्याची वही काढावी आणि मागच्या व या हंगामाचे तीनच आकडे शेजारी लिहावेत: किती सभासदांनी माल घातला, त्यातले नवे किती, आणि मागच्या वर्षी घालून औंदा न आलेले किती.