बाकावर बसलेला, तोच खरा क्वार्टरबॅक

ऑस्टिनमध्ये नव्याने राहायला आला असाल, तर घर, गाडी, मुलांची शाळा या गोष्टी सावकाश ठरवा. अमेरिकन फुटबॉलमधला टेक्सास विद्यापीठाचा आजवरचा सगळ्यात थोर क्वार्टरबॅक कोण, हे मात्र सामानाची खोकी उघडण्याआधी ठरवून टाका. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस विचारेल. दातांचा डॉक्टर तुमच्या तोंडात दोन हत्यारं घालून विचारेल. ‘मला या खेळातलं काही कळत नाही’ ही सबब इथे चालत नाही. कळण्याचा आणि मत असण्याचा काही संबंध नसतो, हे गावसकर मोठा की तेंडुलकर या वादात लग्नाच्या पंगती थंड करणाऱ्या आपल्या लोकांना मी कशाला सांगू?

तोंडओळखीपुरतं सांगतो. मधला गडी ओणवा होऊन पायांमधून चेंडू मागे देतो, तो ज्याच्या हातात पडतो तो क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या पोटाशी द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याने तीनेक सेकंदांत ठरवायचं. तेवढ्यात सव्वाशे-सव्वाशे किलोचे गडी त्याच्या अंगावर यायला निघालेले असतात. आपल्याला त्याच निर्णयासाठी या शनिवारपासून पुढच्या शनिवारपर्यंत मुदत असते, त्यामुळे आपला निर्णय सहसा चुकत नाही.

संघाचं नाव लाँगहॉर्न्स. सामन्याला बेव्हो नावाचा लांब शिंगांचा खराखुरा बैल (वळू नव्हे, बैलच) मैदानाच्या कडेला उभा असतो आणि लाखभर माणसं तर्जनी आणि करंगळी वर करून त्याला त्याचीच शिंगं दाखवतात. वर ‘हुक एम’ असं ओरडतात. मला पहिली दोन वर्षं ते ‘हुकूम’ ऐकू यायचं आणि उतारी कोणाची, हे मी शोधत बसायचो.

असो. पहिला सल्ला असा की जुन्या क्वार्टरबॅकचा आयुष्यातला सर्वोत्तम दिवस घ्यायचा, नव्याचा परवाचा शनिवार घ्यायचा, आणि मग तराजू अगदी निष्पक्ष हाताने धरायचा.

आमच्या शेजारचे आजोबा या कामातले वस्ताद. (माझ्या मुलीने त्यांना ‘आजोबा’ म्हणायला सुरुवात केली, आता आजूबाजूचे अमेरिकनही तेच म्हणतात.) त्यांच्याकडे ४ जानेवारी २००६ चा पॅसाडेनाचा राष्ट्रीय अंतिम सामना साठवलेला आहे. समोर सलग ३४ सामने जिंकलेला यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ. शेवटची सहा-सात मिनिटं उरलेली, टेक्सास १२ गुणांनी मागे. तिथून टेक्सासचा क्वार्टरबॅक विन्स यंग एकदा स्वतः पळून टचडाऊन करतो, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेतो. मग यूएससीला दोन यार्डांसाठी अडवतात. आणि मग तो क्षण येतो. चौथा डाऊन (दहा यार्ड सरकायला चारच प्रयत्न मिळतात, त्यातला शेवटचा), पाच यार्ड हवेत, अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ. विन्स फेकायला जागा शोधतो, सापडत नाही, उजवीकडे वळतो आणि लांब ढांगा टाकत कोपऱ्यात शिरतो. घड्याळात १९ सेकंद. ४१-३८. पळून २०० यार्ड, फेकून २६७.

आजोबा इथे रिमोटचं बटण दाबतात. त्या रिमोटच्या पाठीला चिकटपट्टी आहे, कारण झाकण २००६ मध्येच उडालं. मग उठून काचेवर बोट ठेवतात आणि विन्स कुठून कुठे गेला ते दाखवतात. टीव्हीच्या काचेवर त्या जागी बोटाचा तेलकट ओरखडा पडलाय. तो पुसायची परवानगी आजींनाही नाही.

त्याच सामन्यात दुसऱ्या सत्रात विन्सने चेंडू बाजूच्या गड्याकडे टाकण्याआधी त्याचा गुडघा जमिनीला टेकला होता, आणि गुडघा टेकला की ती चाल तिथेच संपते. पंचांना दिसलं नाही, टचडाऊन धरला गेला. रेकॉर्डिंगमध्ये ते अगदी स्वच्छ दिसतं. पण नेमक्या त्या वेळी आजोबांना तहान लागते आणि ते स्वयंपाकघरात जातात. तुम्हीही तहान लागायची सवय करून घ्या. तुलनेत पाण्याचं महत्त्व फार आहे.

आता विन्सबद्दल जे आठवायचं नाही, तेही पाठ करून ठेवा. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमाने टेक्सासला १२-० असं धुतलं. पुढच्या शनिवारी मिझुरीविरुद्ध विन्सकडून काही जमेना, म्हणून दुसऱ्याला उतरवलं. याच गावात तेव्हा लोक सांगत होते की हा पोरगा गोफण फिरवल्यासारखा आडव्या हाताने फेकतो, याला रिसीव्हर करा, चेंडू झेलू दे. ओक्लाहोमाच्या त्या सामन्यानंतर विन्स एकही सामना हरला नाही, सलग २० जिंकले. गंमत म्हणजे त्याला रिसीव्हर करा म्हणणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. बहुधा सगळे डॅलसला राहायला गेले असावेत.

हाइसमन करंडकाचा विषय निघाला तर आवाज थोडा चढवा. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हा करंडक टेक्सासच्या एकाही क्वार्टरबॅकला मिळालेला नाही. मिळाला तो १९७७ मध्ये अर्ल कॅम्पबेलला आणि १९९८ मध्ये रिकी विल्यम्सला, दोघेही चेंडू घेऊन पळणारे. २००५ मध्ये पहिला आला यूएससीचा रेजी बुश, विन्स दुसरा. पुढे बुशने नियमाबाहेरचे फायदे घेतल्याचं निघालं, २०१० मध्ये त्याने करंडकावर पाणी सोडलं, आणि २०२४ मध्ये तो त्याला पुन्हा दिला गेला. म्हणजे मधली चौदा वर्षं त्या यादीत पहिला कोणीच नव्हता आणि विन्स दुसरा होता. सरकारी भरतीच्या यादीचा अनुभव असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

पुढचा सल्ला आकड्यांबद्दल. आकडे जरूर द्या, फक्त ते कुठल्या नियमांखाली झाले हे विचारू देऊ नका. २००२ च्या आधी हंगामाअखेरच्या बोल सामन्यांतली कामगिरी अधिकृत आकड्यांत धरत नसत. १९७२ च्या आधी, युद्धाची वर्षं सोडली तर, पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात खेळूच देत नसत. हंगाम पूर्वी दहा सामन्यांचा असे, आता बाराचा, आणि वर प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या. त्यामुळे बॉबी लेनचे १९४४ ते ४७ चे यार्ड आजच्या पोराच्या यार्डांशेजारी मांडणं म्हणजे आणे आणि यूपीआय एका वहीत जमा करणं. पण लेनचं नाव घ्यायचं ते १ जानेवारी १९४६ साठी. मिझुरीविरुद्ध कॉटन बोल, टेक्सासचे ४० गुण, आणि चाळीसही गुणांत लेनचा हात. पळून, फेकून, झेलून आणि वर लाथेनेही. समोरचा माणूस आजच्या पोराचे, म्हणजे आर्च मॅनिंगचे, आकडे काढू लागला की शांतपणे विचारा, “लाथेने किती?”

आणखी वर जायचं असेल तर जेम्स स्ट्रीट. वीस सामने, वीस विजय. तेव्हा टेक्सासने विशबोन नावाची रचना नुकतीच काढली होती, तीत क्वार्टरबॅकने फेकणं म्हणजे जवळजवळ असभ्यपणा. तरी ६ डिसेंबर १९६९ ला, आर्कान्सामध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन गॅलरीत बसलेले असताना, चौथ्या डाऊनला तीन यार्ड हवे होते तेव्हा त्याने ४४ यार्डांचा पास फेकला, आणि टेक्सास १५-१४ जिंकलं. हा स्ट्रीट १९६८ चा हंगाम सुरू झाला तेव्हा बाकावर होता. ‘सुपर बिल’ म्हणून ज्याची हवा होती त्या बिल ब्रॅडलीची जागा त्याने घेतली.

बाकावरून आठवलं. या शास्त्रातला खरा ग्रंथ म्हणजे सिम्स आणि ॲपलव्हाइट. क्रिस सिम्स उंचापुरा, डावखुरा, सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) गाजवलेल्या फिल सिम्सचा मुलगा. मेजर ॲपलव्हाइट लहानखुरा, तांबड्या केसांचा. (मेजर हे नाव आहे, हुद्दा नाही. मी एकदा सलाम करता करता वाचलो.) १९९९ ते २००१ या गावात दोन जाती होत्या. २००१ मध्ये टेक्सासच्या गटाच्या अंतिम सामन्यात कोलोरॅडोविरुद्ध सिम्सने तीन इंटरसेप्शन दिली, म्हणजे तीन पास समोरच्यांच्या हातात फेकले, ॲपलव्हाइट उतरला, लगेच ७९ यार्डांचा टचडाऊन पास टाकला, तरी टेक्सास ३९-३७ असं हरलंच. मग हॉलिडे बोलमध्ये ॲपलव्हाइटला सुरुवातीपासून खेळवलं. ४७३ यार्ड फेकून त्याने वॉशिंग्टनला ४७-४३ असं हरवलं. त्या सामन्यात त्याचीही इंटरसेप्शन तीनच होती. पण सिम्सची तीन मोजली जातात, ॲपलव्हाइटची तीन ‘धाडस’ या खात्यात जातात. जो बापाच्या नावावर आला त्याला व्याजासकट मोजायचं, हा नियम लक्षात ठेवा, पुढे आर्चसाठी लागेल.

कोल्ट मकॉयबद्दल मात्र जपून बोला, तिथे लोक हळवे होतात. ४५ विजय, तेव्हाचा देशातला विक्रम. २००८ मध्ये शंभरातले जवळपास ७७ पास बरोबर हातात. आणि जानेवारी २०१० मध्ये, त्याच पॅसाडेनाच्या मैदानावर, अलाबामाविरुद्धच्या अंतिम सामन्यात, पहिल्याच चढाईत त्याचा खांदा गेला. टेक्सास ३७-२१ असं हरलं. “कोल्ट असता तर...” हे वाक्य सुरू झालं की आत्याबाईच्या मिशांची म्हण जिभेवर येते. ती गिळा. मी एकदा भाषांतर करून सांगितली होती. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला आम्ही घरीच पोळ्या खाल्ल्या.

कोल्टनंतरची काही वर्षं वाळवंट आहे, भरभर ओलांडा. २०१६ मध्ये नोत्र दामला हरवल्यावर समालोचक गरजला की टेक्सास परत आलं. त्या हंगामाचा शेवट ५-७. जानेवारी २०१९ मध्ये जॉर्जियाला हरवून सॅम एलिंगरने स्वतः माइकवर तेच जाहीर केलं. पुढचा हंगाम ८-५. क्विन यूअर्स मानेवर रुळणाऱ्या केसांसह आला, दोन वर्षं ओळीने उपांत्य फेरीत घेऊन गेला, दोन्ही हरला. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तिथे) त्याचं नाव सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत पुकारलं. आता लोक त्याच्याबद्दल बरं बोलू लागलेत. नियमच आहे, गाव सोडलं की पास आपोआप सरळ जायला लागतात.

यूअर्स खेळत असताना गावाला आर्च हवा होता. त्याचे आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, सगळे क्वार्टरबॅक, दोघा काकांचे मिळून चार सुपर बोल. खाण तशी माती, असं सगळ्यांनी आधीच लिहून दिलं. दोन वर्षं तो बहुतेक बाकावर होता आणि त्या काळात त्याच्याइतका अचूक खेळाडू या देशात झाला नाही. २०२५ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी पत्रकारांच्या यादीत टेक्सास पहिलं, इतिहासात प्रथमच. मग आर्च बाकावरून उठला. पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून १४-७ अशी हार.

दोनच आठवड्यांनी घरच्या मैदानावर यूटेपविरुद्धचा, म्हणजे एल पासोच्या टेक्सास विद्यापीठाविरुद्धचा सामना. आम्ही शेजारच्या आजोबांच्या गराजमध्ये बसलो होतो, पंखा चालू, दार अर्धं उघडं, बाहेर सप्टेंबरचं टेक्सासी ऊन. मी चिवडा नेला होता, तो त्यांना फार आवडतो, फक्त शेंगदाणे निवडून खातात. आर्चचे पास एकामागून एक जमिनीवर पडत होते. मैदानातून हुर्यो ऐकू आली. आपल्याच पोराला, आपल्याच लोकांची. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. वाटीतले शेंगदाणे संपले होते, नुसते पोहे उरले होते. मग त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पडद्याच्या कडेला हेल्मेट हातात धरून उभ्या असलेल्या एका पोराकडे बोट दाखवलं.

“तो कोण?”

मी नाव सांगितलं. त्याने टेक्साससाठी फेकलेला एकही पास आम्ही दोघांपैकी कोणी पाहिलेला नव्हता.

“हात चांगला दिसतोय त्याचा,” आजोबा म्हणाले.