पॅसिव्ह इन्कम माझं, चकरा बाबांच्या

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन आठवडे एकच विषय चालूय. मावसभाऊ हिंजवडीत नोकरी करतो, वय 29, आणि त्याला नोकरी न सोडता रिअल इस्टेटमध्ये शिरायचंय. एक जण म्हणतो वाघोलीत टू बीएचके बुक कर, भाड्यातनं हप्ता निघतो. ताई म्हणते म्युच्युअल फंडात दर महिन्याची एसआयपी कर आणि गप बस. तिसऱ्याला चौघांत मिळून मुळशीकडे एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट घ्यायचाय, आता तो खरंच एनए आहे की सातबाऱ्यावर सामाईकात नावं चढणारेत हे कुणीच विचारलेलं नाही. शेवटी मला टॅग केलं, दादा तू इंग्लंडमध्ये लँडलॉर्ड आहेस, तू सांग.

लँडलॉर्ड! ऐकायला काय भारी वाटतं. रेडिंगमधल्या माझ्या छोट्या घराचा हिशोब सांगतो. भाडं 1,400 पाउंड, त्यातले 900 कर्जाच्या व्याजाला आणि 140 एजंटला. आता गंमत बघा, 2017 ते 2020 मध्ये इथल्या सरकारने भाड्यातनं व्याज वजा करायची सोय टप्प्याटप्प्याने काढून टाकली, त्याबदल्यात टॅक्समध्ये व्याजाच्या फक्त 20 टक्के सूट मिळते, आणि पगारामुळे मी 40 टक्के टॅक्सच्या टप्प्यात बसतो, म्हणजे एजंटचे वजा करून उरलेल्या 1,260 वर 504 टॅक्स, त्यातून 180 सूट, भरायचे 324. उरले 36 पाउंड. महिन्याला! गेल्या हिवाळ्यात बॉयलर गेला तेव्हा वर्षभराचे छत्तीस छत्तीस एका दुपारी संपले. शिवाय गॅसचं सर्टिफिकेट दरवर्षी, भाडेकरूचं डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये, नाहीतर दंड. ऑफिसची मीटिंग म्यूट करून मी एजंटशी बोलत असतो.

आणि वाघोलीचं म्हणाल तर भाड्यातनं हप्ता निघतो हे वाक्य मी 15 वर्षं ऐकतोय, कागदावर कुणी मांडत नाही. 60 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 52 हजार. माझ्या वाकडच्या फ्लॅटचं भाडं 24 हजार येतं, मेंटेनन्स त्यातूनच. भाव वाढेल म्हणून घ्यायचा असेल तर घ्या बापडे, पण मग तसं म्हणा, भाड्याचं नाव कशाला.

पण खरी गोष्ट मला ग्रुपवर लिहिता आली नाही कारण तिथे बाबा पण आहेत. इथे घर सांभाळायचे एजंट 10 टक्के घेतो म्हणून मी कुरकुरतो. वाकडचा फ्लॅट बाबा सांभाळतात, वय 71, फी शून्य. कुलमुखत्यारपत्र त्यांच्या नावाने, त्यामुळे दर 11 महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्सच्या भाडेकराराला अंगठा तेच देतात, भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन तेच बघतात, पार्किंगवरून भांडण झालं की सोसायटीच्या मीटिंगला पण तेच. आणि मी एक्सेल शीटमध्ये लिहितो पॅसिव्ह इन्कम. त्यांचे 10 टक्के धरले तर माझा फ्लॅट कसा दिसेल हे मी मुद्दाम मांडलेलं नाहीये!

म्हणून भावाला वेगळा मेसेज केला, फ्लॅट का प्लॉट हे नंतर बघू, आधी सांग मंगळवारी सकाळी 11 वाजता नळ फुटला तर कोण जाणार? तू ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगमध्ये असशील. मावशीच्या गुडघ्यावर अवलंबून हा प्लॅन असेल तर तिला विचारलंस का? नुसता अंदाज घ्यायचा असेल तर आधी शेअर बाजारात आरईआयटीचं, म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींत पैसे गुंतवणाऱ्या ट्रस्टचं, एक-दोन युनिट घे, 2021 पासून एकेक युनिट घेता येतं, त्यातला नळ फुटला तर तुला कळणारही नाही. त्याने थम्सअप पाठवला, आणि तासाभराने ग्रुपवर वाघोलीचं ब्रोशर.

रविवारी बाबांना फोन केला तर ते वाकडलाच होते, वॉचमनच्या खुर्चीत बसून प्लंबरची वाट बघत. म्हणाले, तू काळजी करू नकोस रे, येईल तासाभरात.