पडक्या भिंतींची डागडुजी

मे महिन्यातल्या एका शनिवारी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून बसने स्टोनहेवनला उतरले आणि समुद्रकाठच्या पायवाटेने डनॉटरच्या किल्ल्याकडे चालायला लागले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. समुद्रावरून धुकं आत शिरलं होतं. या किनाऱ्यावर त्याला 'हार' म्हणतात. मी साताऱ्याची. धुकं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातला अजिंक्यतारा येतो, ओल्या गवताचा वास येतो. हाराला तसा वास नसतो, ओठांवर नुसतं मीठ राहतं.

वाटेत ब्लॅक हिल नावाच्या टेकडीवर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक लागतं. गोल रचनेचे खांब आहेत, वर छप्पर नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पडलं असेल कधीतरी. पण ते १९२३ मध्ये मुद्दाम तसंच बांधलेलं आहे. जी आयुष्यं अर्धवट राहिली, त्यांचं स्मारक पूर्ण का असावं, असा त्यामागचा विचार. तिथून पुढे वळण घेतलं की किल्ला दिसतो.

समुद्रात घुसलेला सुमारे पन्नास मीटर उंचीचा कडा, तिन्ही बाजूंनी लाटा. जमिनीला जोडणारी पट्टी एवढी खोल की आधी दरीत उतरायचं आणि मग पुन्हा चढायचं. दरवाजा खडकाच्या फटीत दडवलेला. गोमुखी दरवाजे पाहत वाढलेल्या माणसाला ही युक्ती लगेच कळते. खडक मात्र आपला काळा कातळ नव्हे आणि कोकणातला जांभाही नव्हे. नदीतले गोटे तांबूस गाऱ्यात रुतवून वाळवावेत तसा दिसतो. जवळ जाऊन हात लावला तर एकेक गोटा बोटांना वेगळा लागतो.

हा कीथ घराण्याचा किल्ला. स्कॉटलंडच्या राजदरबारातलं अर्ल मारिशाल हे पद वंशपरंपरेने यांच्याकडेच होतं. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेने १६५१ मध्ये याला वेढा घातला तेव्हा आत स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार लपवलेली होती. किल्ला आठ महिने झुंजला आणि मे १६५२ मध्ये तोफांपुढे पडला. आत शिरलेल्या शिपायांना मुकुट मिळाला नाही. जवळच्या किनेफ गावच्या धर्मोपदेशकाच्या बायकोने, क्रिश्चन फ्लेचरने, तो आधीच बाहेर काढला होता. कोणी म्हणतं तिने तो कपड्यांत लपवून शत्रूच्या पहाऱ्यातून नेला, कोणी म्हणतं तो दोराने कड्यावरून खाली सोडला आणि समुद्रवेली गोळा करणाऱ्या मुलीने उचलला. किनेफच्या चर्चच्या फरशीखाली तो १६६० पर्यंत पुरलेला राहिला. कडा, बाई आणि वेढा एवढं एकत्र आल्यावर मला हिरकणी आठवली नसती तरच नवल.

पुढे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या १७१५ च्या बंडात दहावा अर्ल हरणाऱ्या बाजूला होता. इस्टेट जप्त झाली आणि किल्ल्याची छपरं, लाकूडफाटा, जे विकता येईल ते उतरवून नेलं. उरल्या त्या भिंती. शंभर वर्षांपूर्वी, १९२५ मध्ये, लेडी काउड्रे यांनी डागडुजी सुरू केली, ती अजून चालू आहे. एखाद्या दालनावर छप्पर घातलंय, बाकी सगळं आभाळाखाली. किल्ला आजही खासगी मालकीचा आहे.

हे सगळं लिहायचं कारण घरचं आहे. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस नुसता गुलाल होता. तिसऱ्या दिवशी वाद सुरू झाला. आता गड होते तसे उभे करा, वाडे बांधा, सदर बांधा, दगडाला कमी नाही आणि पैशालाही नाही. माझा मामेभाऊ या मताचा. तो नुसता बोलणारा नाही. दर रविवारी मुलांना घेऊन कुठल्या ना कुठल्या गडावर जातो, टाक्यांतला गाळ उपसतो, तटातली झुडपं काढतो. त्यामुळे तो बोलला की मला गप्प बसून ऐकावं लागतं.

त्याने लिहिलं होतं, "ताई, रायगड काय म्हातारा होऊन पडला नाही. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तोफा लावून जाळला. जे इंग्रजांनी पाडलं ते तसंच जपायचं म्हणजे शेवटचा शब्द त्यांचाच राहू द्यायचा. तुला तिथं निदान चार मजली भिंती बघायला मिळतात. इथं पोरांना वाडा कुठाय विचारलं तर मी जोतं दाखवतो."

या बोलण्यात दम आहे आणि ते मला खोडता आलं नाही. जोत्यावर उभं राहून राजवाडा डोळ्यांपुढे आणायला वाचन लागतं. सहलीला आलेल्या सहावीच्या मुलाकडे ते कुठून असणार?

तरीही मला त्याचं पटत नाही, आणि ते स्कॉटलंडमुळेच पटत नाही. इथे दोन्ही प्रयोग झालेले आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचा आयलन डोनन किल्ला १७१९ मध्ये उडवला गेला आणि दोनशे वर्षं ढिगारा होऊन पडला होता. १९१२ ते १९३२ या काळात तो पुन्हा बांधला. आज स्कॉटलंडच्या कॅलेंडरांवर सगळ्यात जास्त तोच दिसतो. मीही तिथे गेले, फोटो काढले, आणि तो मध्ययुगीन आहे असं समजून परत आले. नंतर कळलं, १७१४ मध्ये केलेलं त्या किल्ल्याचं मोजणीचं चित्र उपलब्ध आहे, आणि आजचा किल्ला त्याच्याशी जुळत नाही. बांधणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण आता मूळ किल्ला कसा होता हे त्या जागेवर उभं राहून कोणालाच कळणार नाही, कारण जिथे पुरावा होता तिथेच नवी भिंत उभी आहे.

रायगडाच्या जोत्यांची मला हीच भीती वाटते. त्या जोत्यांत, मातीत, जळालेल्या थरांत अजून न वाचलेलं खूप काही आहे. उद्या त्यावर कितीही सुंदर वाडा बांधला तरी तो आपल्या काळाचा वाडा असेल, आणि प्रॉथरने जे जाळून संपवलं नाही ते आपण पाया खणून संपवू.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ते आपण विसरतो. देवळाचा जीर्णोद्धार होतो. देव आत नांदता असतो, पूजा चालू असते, म्हणून शिखर नवं झालं तरी देऊळ तेच राहतं. रायगडावरच्या समाधीचा १९२० च्या दशकात जीर्णोद्धार झाला तो याच भावनेने, आणि तो योग्यच होता. तटाबुरुजाची मात्र डागडुजी होते. पडलेला दगड मिळाला तर तो त्याच्या जागी बसवायचा, सांधे भरायचे, पाणी वाहून जाईल असं बघायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तटावर वाढणारी झाडं वेळच्या वेळी कापून काढायला सांगितलंय. राज्य चालवणाऱ्या माणसाला गडाच्या भिंतीतल्या रोपट्याची काळजी होती. वड-पिंपळाच्या एका मुळीने बुरूज फाटतो, हे मामेभावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी मागे एकदा या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका पडक्या किल्ल्यात गवंडी काम करताना पाहिला होता. साठीचा माणूस, गुडघ्याखाली जाड पोतं. भिंतीच्या सांध्यातलं सिमेंट तो छिन्नीने हळूहळू काढत होता. मी थांबले तसं त्याने एक दगड दाखवला. दगडाचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटला होता, आणि भोवतीचं सिमेंट मात्र ठणठणीत. विसाव्या शतकात इथेही लोकांनी विश्वासाने सिमेंट भरलं. पण सिमेंट दगडापेक्षा टणक. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडायचं ते कोंडलं, थंडीत गोठलं, आणि दगडच फुटायला लागले. आता तेच सिमेंट उकरून चुना भरतायत. भरलेल्या सांध्यांवर ओलं गोणपाट टांगलेलं होतं. चुना सावकाश सुकला पाहिजे, ऊन-वारा लागता कामा नये, आणि थंडी सुरू झाली की काम बंद. एका सांध्याला हात लावायला दिला त्याने. चिवट, दमट, थोडा उबदार. नव्या घराच्या भिंतीला कधी तसा स्पर्श लागला नाही मला.

गोणपाट पाहून मला आपल्या गडांवरचे चुन्याचे घाणे आठवले. गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. कितीतरी गडांवर ते चाक झुडपात लोळत पडलेलं असतं आणि लोक त्यावर बसून डबा खातात. चुना, वाळू, कुठे गूळ, कुठे हिरड्याचं पाणी घालून आपल्याकडे हे मळलं जायचं. सिंधुदुर्गावर महाराजांच्या हातापायाचे ठसे म्हणून जे पुजतात, तेही चुन्यातच उमटलेले. आणि आता डागडुजीची निविदा निघते तेव्हा बऱ्याचदा सिमेंटच्या गोणी गडावर चढतात, कारण काम मार्चअखेर संपवायचं असतं. आपल्या पावसात पाणी कोंडलेल्या तटाला पोट सुटतं आणि चार पावसाळ्यांनी तो कोसळतो. मग बातमी येते की तीनशे वर्षं टिकलेला बुरूज ढासळला. तो तीनशे वर्षं टिकला होता चुन्यावर.

म्हणून माझं मागणं वाड्यांच्या पैशातून पाथरवटांसाठी आहे. वडार समाजात दगड ओळखणारी, घडवणारी माणसं अजून आहेत. त्यांना गडांवर वर्षाचं काम द्या, चुना मळायला शिकवा, एकेका गडाला एकेक कायमची टोळी द्या. उद्घाटनाला यात काहीच दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे.

इथलं सगळं चांगलं आणि तिथलं वाईट असं मी म्हणणार नाही. डनॉटरवर मी तिकीट काढून जाते, जोराचा वारा असला तर दरवाजा बंद असतो. किल्ल्यात कोणी पायातली चप्पल काढत नाही. तळघरात १६८५ मध्ये १६७ स्त्री-पुरुषांना राजाच्या आज्ञेने कोंडलं होतं, का तर त्यांनी राजाला धर्माचा प्रमुख मानलं नाही. खिडकीतून कड्यावर उतरून पळताना काहीजण मेले. त्या खोलीत मी वीस मिनिटं उभी होते, लोक येऊन डोकावून जात होते. आपल्याकडे शिवजयंतीला रात्रभर मशाल घेऊन धावत येणारी पोरं आहेत, ज्योत विझू देत नाहीत. तशी माया मी इथे कुठल्याही किल्ल्याच्या वाट्याला आलेली पाहिली नाही. बारा वर्षं इथे राहून मला सर्वांत जास्त आठवण येते ती तिचीच. फक्त त्या मायेला पुतळा आणि वाडाच सुचावा, याचं वाईट वाटतं.

आणखी एक धागा आहे, तो सातारकर म्हणून मला सोडवत नाही. पाचव्या अर्ल मारिशालने १५९३ मध्ये ॲबर्डीनला मारिशाल कॉलेज काढलं. माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर त्याची करडी इमारत आहे. त्या कॉलेजात दोनशे वर्षांनी बॅन्फ गावचा एक मुलगा शिकला, जेम्स ग्रँट डफ. १८१८ नंतर साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, झालेला आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापणारा तोच. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्यात आलेली वाघनखं त्याच्याच घराण्याकडून म्युझियमकडे गेलेली. ती महाराजांचीच का, यावर आपल्याकडे केवढी भांडणं झाली. म्युझियम एवढंच सांगतं की पेटीवर असं लिहिलंय, ती अफजलखानाच्या वधाच्या दिवशी वापरली होती याचा पुरावा नाही. मला ते वाक्य अपमानाचं वाटलं नाही. जेवढं माहीत तेवढंच सांगायचं आणि पुढची जागा मोकळी ठेवायची, जोत्यावर वाडा न बांधण्यासारखंच ते आहे.

१८१८ च्या फेब्रुवारीत एडिंबराच्या किल्ल्यात कुलूपबंद पेटी उघडली आणि शंभर वर्षं कोणी न पाहिलेला स्कॉटलंडचा मुकुट पुन्हा सापडला. त्याच महिन्यात साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. हे डनॉटरच्या पायऱ्या चढताना मनात आलं आणि धाप लागली म्हणून नाही, पण थांबले.

संध्याकाळी मामेभावाला हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं, त्या गवंड्याचा जुना फोटोही जोडला. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, रागावला. मग मंगळवारी रात्री त्याच्याकडून एक फोटो आला. झुडपं काढून मोकळा केलेला चुन्याचा घाणा, चाक उभं केलेलं, शेजारी चिखलाने माखलेली पाच-सहा पोरं. खाली त्याने लिहिलं होतं, "वाड्याचं आपण नंतर भांडू. आधी सांग, ते गोणपाट किती दिवस ओलं ठेवतात?"