मान खाली घालून पाहिलेले प्राग

‘एका दिवसात काय होणार? निदान तीन दिवस तरी हवेत,’ असे मला प्रागला जाऊन आलेल्या प्रत्येकाने सांगितले होते. मात्र व्हिएन्नातील काम शनिवारी दुपारी संपले आणि सोमवारी सकाळी तिथे परत हजर राहणे भाग होते, त्यामुळे हाताशी उरला एकच रविवार. शनिवारी संध्याकाळी चार तासांचा रेल्वेप्रवास करून मी प्रागला पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत पायी फिरलो. त्या एका दिवसानंतर माझे मत असे झाले आहे की, वेळ कमी असेल तर प्रागमध्ये तिकीट काढून आत जाण्याच्या जागा खुशाल सोडून द्याव्यात, उंच मनोरेही थोडे बाजूला ठेवावेत आणि पायाखालच्या जमिनीकडे पाहत चालावे. या शहराने आपल्या सगळ्यांत जड आठवणी फरसबंदीत बसवून ठेवल्या आहेत. तिथे रांग नाही, तिकीट नाही आणि बसच्या खिडकीतून त्या दिसण्याची शक्यताही नाही.

सुरुवात मी वेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोरून केली. नाव चौक असले तरी प्रत्यक्षात हा पाऊण किलोमीटर लांबीचा उतरता रस्ताच आहे. संग्रहालयाच्या पुढ्यातील पदपथावर ब्राँझचा एक क्रूस आडवा पडलेला आहे आणि त्याच्या आजूबाजूची जमीन अशी फुगलेली आहे की, खालून काहीतरी वर येऊ पाहत असून दगडांनी त्याला कसेबसे दाबून धरले आहे असे वाटावे. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत नेतृत्वाखालील फौजा तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, आणि त्यानंतर लोकांमध्ये जी मुकाट शरणागती पसरू लागली तिच्या निषेधार्थ यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ रोजी इथे स्वतःला पेटवून घेतले. तीन दिवसांनी तो गेला. पुढच्याच महिन्यात यान झायित्स या दुसऱ्या तरुणाने याच चौकात तोच मार्ग पत्करला. स्मारक दोघांचे आहे. मी तिथे दहाएक मिनिटे उभा होतो. तेवढ्या वेळात बहुतेक लोक मागच्या भव्य इमारतीचे छायाचित्र काढून, क्रूसाला वळसा घालून पुढे गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण खाली पाहण्याची सवय प्रवासात कोणी लावतच नाही.

पुढे एका गल्लीत नळदुरुस्तीसाठी पदपथ उकरला होता आणि प्रागची जमीन कशी बनते ते तिथे समजले. मुठीत मावतील असे पांढरे, करडे आणि लालसर दगडी ठोकळे बाजूला ढिगाने पडलेले होते. हे ठोकळे वाळूच्या थरावर हातोडीने ठोकून एकेक बसवतात, त्यामुळे जमीन कितीही वेळा उकरली तरी तेच दगड, तीच नक्षी पुन्हा मांडता येते. (दिसायला सुंदर, पण पातळ तळाच्या बुटांचा मात्र हा वैरी आहे. दुपारपर्यंत माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता.)

जुन्या शहराच्या चौकात १४१०च्या खगोलीय घड्याळापुढे मोठी गर्दी होती. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरतात, मिनिटभराच्या आत सगळा खेळ आटोपतो आणि चेहऱ्यांवर ‘एवढेच?’ असा भाव उमटतो. हे घड्याळ ज्या मनोऱ्यावर आहे त्याच्या पूर्वेच्या अंगाला जमिनीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. १६२०मध्ये प्रागजवळच्या बिला होराच्या लढाईत हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध उठलेल्या बोहेमियातील (म्हणजे प्रागभोवतीच्या तेव्हाच्या राज्यातील) बंडखोरांचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी, २१ जून १६२१ रोजी, त्यांच्या २७ नेत्यांना इथे जाहीरपणे देहदंड देण्यात आला: तीन सरदार, सात उमराव आणि सतरा नागरिक. त्यांच्यात विद्यापीठाचा कुलगुरू यान येसेनियस होता. याच वैद्याने १६००मध्ये प्रागमध्ये मानवी शवाचे जाहीर विच्छेदन करून दाखवले होते. शिरच्छेदाआधी त्याची जीभ कापली गेली. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर दहा वर्षे टांगलेली होती. आज जुन्या शहराकडून पुलावर जाणारा प्रत्येक प्रवासी त्याच मनोऱ्याखालून जातो. मी क्रूस मोजायला घेतले आणि बावीसवर अडलो, कारण उरलेल्यांवर एक मोठा गट वाटाड्याच्या पिवळ्या छत्रीची वाट पाहत उभा होता.

तिथून योसेफोव्हकडे, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीकडे जाताना एका घराच्या दारासमोर पितळेचा चौकोन चमकला. नाझींनी ज्यांचा छळ केला वा ज्यांना मारले, त्यांच्या घरांसमोर त्यांच्या आठवणीसाठी गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने बसवायला सुरू केलेले हे ‘अडखळण्याचे दगड’ आता युरोपभर एक लाखाहून अधिक झाले आहेत. आकार साधारण १० बाय १० सेंटिमीटर. मी उकिडवा बसून वाचू लागलो. चेक भाषेत पहिली ओळ ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मवर्ष, तेरेझीनच्या नाझी छळछावणीत नेल्याचे साल, आणि शेवटच्या ओळीत ऑशविट्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी. शेजारचा दुसरा दगड काळवंडलेला होता, हा मात्र लखलखीत. अलीकडेच कोणीतरी गुडघे टेकून तो घासला असावा.

या दगडांवर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मारल्या गेलेल्या माणसांची नावे पुन्हा लोकांच्या पायांखाली का द्यायची? म्युनिक शहराने याच कारणासाठी सार्वजनिक जागेत हे दगड बसवायला परवानगी नाकारली, तिथल्या ज्यू समाजाच्या नेतृत्वाचाही विरोध होता, आणि पुढे तिथे डोळ्यांच्या उंचीवर फलक लावण्याचा पर्याय निवडला गेला. मला हा युक्तिवाद समजतो, तरी पटत नाही. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी पाहत वाढलेल्या माणसाला जमिनीवरची जागा अपमानाचीच असते असे वाटणे कठीण आहे. संतांच्या पायांची धूळ लाभावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, आणि आजही माणसे तिथे वाकून हात लावतात. फरक आहे, तोही मोठा: नामदेवांनी आपली जागा स्वतः निवडली, या दगडांवरच्या माणसांना कोणी काही विचारले नाही. मात्र नाव वाचायचे तर त्या घरासमोर थांबून मान झुकवावीच लागते. भिंतीवरचा फलक ताठ मानेने, चालता चालता वाचून होतो.

चार्ल्स पूल संध्याकाळी ओलांडला. पुलावरच्या ३० पुतळ्यांपैकी लोकांचा ओढा एकाच पुतळ्याकडे, यान नेपोमुक या धर्मगुरूच्या. राजाच्या हुकमाने त्याला १३९३मध्ये इथून व्ल्तावा नदीत फेकले गेले आणि पुढे तो संत झाला. त्याला फेकले ती जागा कठड्यावर पितळेच्या छोट्या क्रूसाने दाखवली आहे, मात्र गर्दी असते ती पुतळ्याखालचे पितळ घासून घासून सोनेरी करण्यासाठी. त्यानंतर किल्ल्याचा चढ मी अर्ध्यावरच सोडला. टाच ऐकत नव्हती.

रात्री साडेदहाच्या सुमारास मुक्कामाकडे लंगडत परतताना पुन्हा त्याच चौकातून आलो. पाऊस पडून गेला होता, छत्र्या आणि गट पांगले होते, आणि ओल्या दगडांत पांढरे क्रूस सकाळपेक्षा स्वच्छ दिसत होते. या वेळी मोजणी सत्तावीसपर्यंत पोहोचली.